घाटंजीच्या बाजारात जेवायला

धामणगाव स्टेशनवर उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं, आणि हवा आमच्या चिपळूणइतकीच दमट होती. यवतमाळची एसटी गावाबाहेर पडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी सुरू झाली. हिरवीगार, खांद्याइतकी उंच, नजर पोचेल तिथवर. मी भातखाचरं बघत वाढलेली बाई. मला ते शिवार फार देखणं वाटलं. "छान आलंय पीक," मी शेजारच्या आजोबांना म्हणाले. त्यांनी खिडकीबाहेर बघितलंसुद्धा नाही. "पानं छान हायेत, बाई. बोंडात अळी हाये."

रजिया स्टँडवर घ्यायला आली होती. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे ती यवतमाळला विज्ञानाची शिक्षिका झाली. मला गावोगावचे बाजार हिंडायची आणि तिथंच जेवायची हौस आहे, हे तिला ठाऊक होतं. "घाटंजीला नेते तुला," ती म्हणाली, "पण फार आशा धरू नको. कापूस पडला की पहिले बाजारच पडतो इकडे."

दुसऱ्या दिवशी आम्ही घाटंजीला पोचलो तेव्हा पालं लागून गेली होती. ढेमसं, बरबटी (चवळीच्या शेंगा), अंबाडीच्या जुड्या, मिरच्यांचे ढीग. जंगलाकडच्या गावांतून आलेल्या बायका बांबूच्या टोपल्या मांडून गप्प बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीकडे मी कोथिंबीर मागितली. ती माझ्याकडे बघतच राहिली. रजिया म्हणाली, "सांबार दे वं माय." मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, मला सांबार नको, इडली कुठंय इथं?" दोघी खूप हसल्या. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात.

एका गाडीवर आलूबोंडा (बटाटावडा) खाल्ला. बशीत तो कुस्करून वर लालभडक रस्सा ओतलेला. पहिल्या घासालाच नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी बशी पुसून खाल्ली. गाडीवाला म्हणाला, "आधी बाजाराच्या दिवशी उसंत नसे. आता लोक येते, वास घेते आन् पुढं जाते." ते खरं होतं. माणसं हिंडत होती, पण पिशव्या रिकाम्या होत्या. कापडवाला घडी न मोडता बसला होता. बांगडीवालीनं एका मुलीच्या हातात बांगड्या चढवल्या, आईनं भाव विचारून पुन्हा काढायला लावल्या.

गर्दी फक्त एका दुकानापुढे होती. फळीवर रंगीत बाटल्या बघून मला वाटलं, औषधांचं दुकान असावं. लोकही 'औषध द्या' असंच म्हणत होते. रजियानं सांगितलं, ते कपाशीवर फवारायचं विष. अळी मरत नाही म्हणून लोक एकात दुसरं मिसळून मारतात.

दुपारी आम्ही सुमनबाईंच्या खानावळीत गेलो. टिनाचं छप्पर, दोन बाकडी, मागे चूल. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्यांना ताजा हार. सुमनबाईंनी पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. बेसनाची वडी रश्शात मुरून मऊ झाली होती, जिभेवर ठेवली की विरघळायची. "अजून घ्या, ताई. रस्सा उरतेच आजकाल," त्या म्हणाल्या.

आमच्या समोरच्या बाकावर एक जोडपं येऊन बसलं. तिचं नाव कौसल्या, त्याचं देविदास, हे मला नंतर कळलं. दोघंही मजूर. तो पहाटेपासून एका शेतात फवारणी करून तसाच बाजाराला आला होता. शर्ट पाठीवर ओला होता आणि त्याला उग्र वास येत होता. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, रश्शाच्या ताटलीकडे हात नेला आणि तो बाकावरच आपटला. पुन्हा नेला, पुन्हा चुकला.

"धुकं आल्यावानी दिसून राह्यलं," तो बायकोला म्हणाला.

त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. दारातला एकजण म्हणाला, "लावली असन सकाळीच."

"थे पीत नाईत," कौसल्या म्हणाली. आवाज चढवून नाही. पुष्कळदा सांगून झालेलं वाक्य असावं तसं.

रजिया उठून त्याच्यापाशी गेली. त्याचं तोंड उजेडाकडे वळवून डोळे बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तिच्या वर्गातल्या दोन मुलांचे वडील त्या पावसाळ्यात असेच गेले होते. "शर्ट काढा याचा," ती म्हणाली. "साबण आणा. पाणी ओता, भरपूर." सुमनबाईंनी पिण्याच्या पाण्याचा ड्रमच पुढे ओढला. मी आणि कौसल्या त्याची पाठ, मान, हात साबणानं घासत राहिलो. एवढ्या उकाड्यात तो थरथर कापत होता.

गावच्या दवाखान्यात त्याला सुई दिली आणि लगेच यवतमाळला न्यायला सांगितलं. दवाखान्याची गाडी यायला वेळ लागेल असं कळलं, तेव्हा रजियानं स्टँडवरची काळीपिवळी जीप थांबवली. ती भरलेली होती. ड्रायव्हरनं मागे वळून एवढंच म्हटलं, "उतरा बाप्पा, माणूस जाऊन राह्यला." लोक सामानासकट उतरले. एक म्हातारी मात्र जागची हलली नाही. "मी कायले उतरू? याचं डोस्कं कोन धरन?" असं म्हणून तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि यवतमाळ येईपर्यंत सोडलं नाही.

रस्ताभर पुन्हा तीच कपाशी. आता मला तिच्यातली माणसं दिसत होती. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, पाय उघडे. खांद्याइतक्या झाडांतून ती चालत होती आणि फवाऱ्याचा धूर वाऱ्यानं त्यांच्यावरच परत येत होता. कौसल्या नवऱ्याला बोलतं ठेवत होती.

"अवो, पोरीचं नाव काय आपल्या?"

"प्रज्ञा."

"कितवीत हाये?"

तो काही बोलला नाही. तिनं पुन्हा विचारलं. मग विचारायचं थांबवलं आणि त्याचा हात धरून बसली.

यवतमाळच्या दवाखान्यात फवारणीतून विषबाधा झालेल्यांच्या वॉर्डात खाट रिकामी नव्हती. डॉक्टर धावत होते, नर्स धावत होत्या. देविदासला जमिनीवर गादी मिळाली. विषावरच्या औषधानं माणसं भ्रमात जातात, सुया उपटतात, म्हणून बऱ्याच जणांचे हात पट्टीनं बांधलेले होते. संध्याकाळी देविदासही बडबडू लागला. "थी कपाशीची वळ राह्यली," तो म्हणत होता, "तिकडची वळ राह्यली." बांधलेल्या हातानं तो पंपाचा दांडा हलवत होता.

मी चार दिवस मुक्काम वाढवला. रजियाकडून डबा न्यायचा आणि कौसल्याला समोर बसवून खायला घालायचं, एवढंच मला जमण्यासारखं होतं. शेजारच्या गादीवरचा मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्या आईचं रडणं ऐकून कौसल्या देविदासवर वाकून त्याचा श्वास बघत राहिली. डबा तसाच राहिला.

देविदास वाचला. मी निघाले त्या सकाळी तो भिंतीला टेकून बसला होता. मी समोर उभी राहिले तर म्हणाला, "कोन हाये?" कौसल्यानं सांगितलं, "पाठ धुतली थ्या ताई." त्यानं हात जोडले, पण मी उभी होते त्याच्या जरा बाजूला.

घरी पोचल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय खाल्लंस, कसं होतं तिकडचं जेवण. मी पाटवडीची कृती सांगितली, एकदा करूनही घातली. सगळ्यांना आवडली. बाकीचं सांगायला लागले की ऐकणारे हळूहळू ताटात बघायला लागायचे, म्हणून ते इथं लिहिलं. इतकी वर्षं मी गाव ओळखायचं ते त्याच्या बाजारावरून आणि पानात वाढलेल्या घासावरून. घाटंजीत तो घास चांगलाच होता. पण तो खाणारा माणूस समोरच्या बाकावर आंधळा होत होता.

दिवाळीनंतर रजियाचा फोन आला. देविदासची नजर अर्धीमुर्धी परतली आहे. उन्हात काहीच दिसत नाही. शेतमालक आता फवारणीला कौसल्याला बोलावतो, आणि ती जाते.

"तिला सांग ना, जाऊ नको म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं," रजिया म्हणाली. "ती म्हणाली, चिपळूणच्या ताईले इचारा, मंग काय करू थे."