वरची मूठ

सन ऐंशीच्या आसपासची गोष्ट. एकोडीला, आमच्या गावी, दारात एक दिवस मी घासाघीस केली आणि जिंकले... त्या जिंकण्याची लाज मला अजून वाटते.

तोवर आमच्याकडे दारावरची खरेदी धानावरच चालायची. मासे विकणारी सखूबाई तलावातले झिंगे, मरळ घेऊन यायची आणि आई धान साठवायच्या बांबूच्या ढोलीतून पायलीभर धान काढून तिच्या टोपलीत ओतायची. माप भरलं की वरून आणखी एक मूठ. ती कोणी मागत नसे, पण आईने टाकली नाही असं कधी झालं नाही.

त्या वर्षी बाबांनी ठरवलं, खाण्यापुरतं ठेवून बाकी सगळं धान विकायचं आणि घरखर्चाला आईला रोख पैसे द्यायचे. "धान देऊन देऊन ढोली कवा खाली होते, पताच लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. चुकीचं नव्हतंच ते.

पण आईला नोटांची सवय नव्हती. धान देताना सढळ असलेला तिचा हात नोट मोडताना थांबायचा. दर दोन दिवसांचे मासे पंधरा दिवसांवर गेले. बाबा खूश! पैशांचा डबा आईने माझ्याकडे सोपवला... मी सातवीत, गणितात हुशार ना.

त्या दिवशी सखूबाईने झिंग्यांचे दोन रुपये सांगितले. मी थेट दीडवर आले. ती पावणेदोनवर उतरली, मी हलले नाही. आई दारातच उभी होती.

शेवटी सखूबाईने दीड रुपया कमरेला खोचला. टोपली उचलता उचलता आईला म्हणाली, "धानावर वरून मूठ पडत होती बाई. पैशावर काय पडन?" रागावून नाही, सहज म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिला शेती नव्हती. घराघरांतून मिळालेलं ते धानच पावसाळ्यात तिच्या चुलीवर शिजायचं, हे माझ्या गणितात कुठेच नव्हतं. आमचं पाहून आणखी चार घरांनी रोखीचा व्यवहार सुरू केला. हळूहळू सखूबाई यायची बंद झाली.

पुढच्या हंगामात खळ्यावरून धान घरी आलं तशी आई बाबांसमोर उभी राहिली. "एक ढोली माही राहू द्या. तिले हात लावू नका." आईने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. बाबांनी ती ढोली विकली नाही.

मग पायलीभर धान, वर मूठ टाकून, तिने मला तलावाच्या बांधावर सखूबाईच्या घरी पाठवलं. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "ते त गेली नागपूरले, लेकीसंगं. इथं काय खाऊन राहीन?"

मी धान परत घेऊन आले. आईने ते ढोलीत टाकलं नाही. वेगळ्या टोपलीत झाकून ठेवलं, पार पुढच्या पावसाळ्यापर्यंत... सखूबाई आली नाही.

आता मी दुकानात कार्ड पुढे करते आणि आकडाही नीट बघत नाही. बाजारात मात्र पाकीट उघडलं की हात आखडतो, आईचा आखडायचा तसाच. पण मासेवालीशी मी घासाघीस करत नाही. वरून टाकायला माझ्याकडे धान नाही... म्हणून सुटे परत घेत नाही.