माझी अक्षरं, त्याच्या पत्रिका

आम्ही दोघं सुरतेत एकाच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. तो तिथल्याच डिंडोली वस्तीतला, खानदेशी. माझे वडील बँकेत, त्यामुळे शुद्ध बोलण्याचा मला उगाच तोरा. नव्वदीच्या मध्यात दोघांनीही लग्नपत्रिका छापायचा प्रोग्राम लिहिला. माझा देखणा. अक्षर न् अक्षर मी वळण देऊन काढलेलं. कुणी चोरू नये म्हणून पासवर्ड घातला होता. त्याचा प्रोग्राम अगदी कामचलाऊ, अक्षरं बसकी. पण फ्लॉपीत तो आतला कोडही देऊन टाकायचा.

मला हसू यायचं. सगळंच दिल्यावर याच्याकडे राहणार काय?

संध्याकाळच्या बॅचला रेल्वेतले एक क्लार्क यायचे. त्यांच्या घरी बौद्ध पद्धतीचं लग्न होतं, पण माझ्या पत्रिकेवरचा गणपती काही केल्या निघेना. दिवाळीनंतर बघू, म्हणाले मी. त्यांनी त्याचा प्रोग्राम नेला, गणपती काढून स्वतः बुद्धाचं चित्र बसवलं आणि फ्लॉपी परत आणून दिली. त्याने ती सोय सगळ्यांसाठी ठेवली, शिवाय प्रोग्राममध्ये त्यांचं नावही घातलं. पुढे एका प्रेसवाल्याने त्यात गुजराती घातली. या पठ्ठ्याने स्वतः असं किती लिहिलं होतं? तरी सगळीकडे त्याचाच बोलबाला. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग माझं लग्न ठरलं. माझी पत्रिका माझ्याच प्रोग्रामवर छापायची, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. वडील प्रेसमधून प्रूफ घेऊन आले, ते त्याच्या प्रोग्रामवरचं.

"अगं, शेजारी सगळे गुजराती. तुझ्या प्रोग्राममध्ये गुजराती येत नाही ना," ते म्हणाले.

त्या बसक्या अक्षरांत माझं नाव मला बघवेना. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये माझ्या अक्षरांची फ्लॉपी त्याच्यापुढे ठेवली आणि फक्त माझ्या लग्नापुरती वापर म्हणून बजावलं.

"मॅडम, एकदा यात आली की ती सगळ्यांची होणार," तो म्हणाला. "चालेल का?"

नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं. हो म्हणाले.

त्याने माझंही नाव घातलं, अगदी न विसरता. पण ते वाचतो कोण? नंतर कुठल्याही लग्नाला गेले की हातात माझ्याच अक्षरांतली पत्रिका यायची आणि कुणीतरी म्हणायचं, त्याचा प्रोग्राम हल्ली किती सुंदर छापतो. मी मान हलवून जेवायला बसायचे. घास गोड लागायचा नाही.