चार महिने टाकीत राहिलेलं डिझेल

माझं शिक्षण चौथीत थांबलं आणि अक्षर बहुधा त्याच्याही आधी. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफी असावी. ही वही माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही, म्हणून लिहायचा धीर करते.

अंबरनाथला आमचा जनरेटरचा धंदा आहे. धंदा म्हणजे एकच डिझेल जनरेटर, चाकांच्या गाड्यावर बसवलेला. हळदीला, लग्नाला भाड्याने जातो. माझ्या साडीचा रंग आमच्या यांना कधी आठवत नाही, पण जनरेटरचा कोणता नट कोणत्या दुकानातला, ते झोपेतही सांगतील.

गेल्या उन्हाळ्यात हे बायोडिझेल मिसळलेलं डिझेल आणू लागले. शंभर लिटरमध्ये वीस लिटर वापरलेल्या खाद्यतेलापासून कारखान्यात बनवलेलं. धूर कमी होतो म्हणे. आठवडाभर असं बोलत होते, जणू गावातली झाडं यांनीच लावली. मग माझं भज्यांचं उरलेलं तेलही टाकीत ओतायला निघाले. नशीब, आधी शेजारच्या सिंधी वस्तीतल्या, कॅम्प पाचच्या मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री सिंधी, वयस्कर.

"भाभी, कढई का तेल डाला तो इंजन गया समझो," तो मला म्हणाला. "वो अलग, बायोडिझेल अलग. साईं को समझाओ."

साईं म्हणजे आमचे हे. यांना मी काय समजावणार! मी पदर नीट केला.

त्याने जुना रबरी पाइप बदलला आणि दोन जादा फिल्टर दिले. हे नवं डिझेल टाकीतली जुनी घाण सोडवतं, त्यामुळे पहिला फिल्टर लवकर तुंबतो, असं त्याने सांगितलं. तसंच झालं. यांनी स्वतः फिल्टर बदलला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात इंजिनियर राहायला आला.

पाइप बदलला त्या दिवशी आम्ही निघताना मिस्त्रीने आणखी एक गोष्ट सांगितली होती. हे फोनवर बोलत रस्त्यावर उभे, म्हणून ती मीच ऐकली. "बारिश में बंद रखोगे तो ये डिझेल निकाल देना, सादा डिझेल गले तक भरना. टाकी आधी खाली रही तो पानी जमता है, फिर डिझेल सड़ता है."

घरी येऊन सांगायला गेले, तर हे म्हणाले, "मला सगळं ठाऊक आहे गं." मी भाकऱ्या थापायला गेले. मला मागे फिरायला तेवढं निमित्त पुरतं.

चातुर्मासात लग्नं नसतात. जनरेटर ताडपत्रीखाली, टाकी अर्धी. दसऱ्याला यांनी त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. टाकीचं झाकण मात्र उघडलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि सोनिवलीहून एका हळदीचं बोलावणं आलं. मुलीच्या वडिलांनी पाच हजार आगाऊ दिले. त्याच आठवड्यात यांनी नवी केबल घेतली, जनरेटरला निळा रंग दिला आणि पैसे संपवले.

हळदीला मीही गेले होते. संध्याकाळी दिवे लागले, डीजे सुरू झाला. अर्ध्या तासात जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. नवरीच्या एका गालाला हळद, दुसरा कोरा.

"काय रं भाऊ, तुजी मशीन उपासाला बसली का?" नवरीची आत्या अंधारातून ओरडली.

"आत्या, पाच मिनिटं फक्त."

"पाच मिनिटां सांगून आमचा म्हातारा बाजारान गेलता, तो सांजच्याला आला!"

सगळ्या बायका हसल्या. यांनी फिल्टर उघडला. आत तपकिरी, बुळबुळीत साय. पाणी गेलेल्या लोणच्याच्या बरणीवर येते तशी. नवा फिल्टर बसवला, तोही दहा मिनिटांत तुंबला. तेव्हा मी मिस्त्रीचं बोलणं हळूच सांगितलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुम्हाला सगळं ठाऊक होतं ना."

यांनी 'हो' म्हणून मान हलवली. असा योग आमच्या संसारात पहिलाच.

तोवर म्हाताऱ्या बायकांनी माइकशिवाय धवळे, म्हणजे लग्नातली जुनी गाणी, म्हणायला घेतली आणि मोबाइलच्या उजेडात नवरीचा दुसरा गालही पिवळा केला. वडिलांनी बदलापूरहून दुसरा जनरेटर मागवला, दुप्पट भाड्याने. यांना एवढंच म्हणाले, "भांडण नको. आगाऊ दिलेलं परत करा."

बरोबरच होतं. पण पैसे उरले नव्हते, आणि ते बुडवले असते तर त्या भागात आम्हाला पुन्हा कुणी उभं केलं नसतं. वर मिस्त्रीचा खर्च. त्याने सगळं डिझेल काढून टाकी धुतली. काढलेलं गटारात न टाकता पिंपात भरून ठेवलं. मी जनरेटरच्या झाकणाला आतून कागद चिकटवला: पावसाआधी सादं डिझेल, गळ्यापर्यंत. पंधरा दिवसांनी एकदा चालवणे. जादा फिल्टर सोबत. आता हे तो कागद गिऱ्हाइकांना वाचून दाखवतात, स्वतः लिहिल्यासारखा.

दोन लग्नांच्या भाड्यातून यांनी दोन-दोन हजार फेडले. शेवटच्या हजाराला मात्र मला पुढे केलं. "तुझ्यावर ते ओरडणार नाहीत." मी रिक्षाने गेले.

नवरीच्या वडिलांनी विचारलं, "भाऊ नाही आला?"

"लाजतात," मी म्हटलं. हे मी कुणाबद्दल तरी म्हणावं!

ते खूप हसले. नोटा मोजल्या, आगाऊ रकमेची पावती शोधून काढली, तिच्यावर 'पूर्ण मिळाले' लिहून सही केली आणि माझ्या हातात दिली.