भाकरीला घाम न फोडणारी भिंत

"मालक, माल घट्ट व्हायला लागलाय. कंची लावायची ती सांगा, न्हायतर ही थापी तुमच्याच टाळक्यावर घासतो," गवंडी ओरडत होता. ओरडत म्हणजे शिवाजी पेठेत ओरडतात तसा. आमच्या पेठेत एखादी गोष्ट कानात सांगितली, तरी मलकापूरच्या एस्टीत बसलेला माणूस मान वळवून बघतो.

मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभा होतो. समोर नवा ओटा, ओट्यावर दोन तोंडांची गॅसची शेगडी आणि शेगडीमागं विटांची उघडी भिंत. भिंतीशी चार नमुने उभे केलेले: पांढरी चकचकीत टाइल, काळा कडाप्पा, शहाबादी फरशी आणि पत्र्याचा तुकडा. प्रत्येकाला टेकवून एकेक गरम भाकरी. मागं परड्यात चुलीपुढं बसून पाचवी भाकरी थापत आई खोकत होती.

त्या खोकल्याबद्दल सांगायला हवं. तो सुरू झाला की शेजारच्या तालमीतले पैलवान जोर मोजायचं विसरायचे आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायचे. त्या वर्षी आमच्या तालमीनं जी मैदानं मारली, ती माझ्या आईच्या छातीनं मारली, असं मी लोकांना सांगायचो. लोक हसायचे. मीही हसायचो. कारण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, ते हसल्याशिवाय घशाखाली उतरत नव्हतं. ओल्या जळणाच्या धुरात आणखी एक पावसाळा काढला, तर पुढचं मला विचारू नका, असं ते म्हणाले होते. आणि मृग आठ दिवसांवर आला होता.

हे मी आईला सांगितलं नव्हतं. मी शाळामास्तर, थापा मारायची सवय धंद्यातच लागलेली. गॅसवर स्वयंपाक केला की बाईचं वय कमी होतं, असं मी तिला सांगितलं. कसबा बावड्यातली एक म्हातारी गॅस घेतल्यावर परत काळी झाली, म्हणजे केसांनी, असंही सांगितलं. आई सगळं ऐकून घ्यायची आणि चुलीत फुंकणी घालायची. सिलिंडर दिवाळीपासून कोपऱ्यात उभा होता. दर शुक्रवारी ती त्याला हळदकुंकू लावायची, म्हणजे तो गप राहील.

शेवटी तिनं एक अट घातली. आमच्याकडं भाकरी तव्यावरनं काढली की चुलीच्या तोंडाशी उभी करून फुगवतात आणि मग चुलीमागच्या सारवलेल्या भिंतीला टेकवून ठेवतात. माती वाफ पिते, भाकरी कडक राहते. टोपलीत रचली की तिला घाम फुटतो आणि ती ओल्या फडक्यासारखी लोळते. तसल्या भाकरीला आई आजाऱ्याची भाकरी म्हणायची. "ग्यास पेटवतो की," ती म्हणाली, "पर मागची भित अशी पायजे, भाकरीला घाम फुटाय नको."

मातीच लिंपू म्हटलं, तर गवंडी म्हणाला, विटंवर माती धरत न्हाय, महिन्याभरात रश्श्यात उतरंल. सिमेंट तेव्हा परमिटवर. पाच महिने खेटे घालून एक पोतं मिळालं होतं, आणि त्यातला शेवटचा माल आता घमेल्यात घट्ट होत होता.

आई पदराला हात पुसत आत आली. पत्र्यावरची भाकरी उचलून हुंगली. "गंज चाटलाय हिनं." शहाबादीवरची मोडून तोंडात टाकली. "चुना." कडाप्प्यापाशी थांबली. "ह्यो कशाला? ह्याच्याम्होरं रोज उभं ऱ्हायाचं म्हंजे आपल्याच समाधीच्या दगडाम्होरं उभं ऱ्हायाचं."

राहिली पांढरी टाइल. तिच्यावरची भाकरी आईनं उलटी केली. कोरडी ठणठणीत. बोटानं वाजवली तर टणटण वाजली.

"बघ," मी म्हणालो. "चिनी मातीची हाय. चीनमध्ये सगळे ह्यालाच भाकरी टेकवतात."

आईनं भाकरीच्या कडेवर अंगठा दाबला. "ही सकाळची हाय. चुलीमागनं उचललीयास. गरम तव्यावर एकदा फिरवलीयास."

माझी बायको माठाकडं तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. "आत्ती, मी नको म्हणत हुतो," ती म्हणाली. "पर मास्तरांचं डोकं."

"मास्तराचं डोकं तालमीत घाला," गवंडी म्हणाला. "कंची लावू?"

त्यानंतर माझं मलाच कळलं नाही. मी, ज्याच्या पोटात थापांची अख्खी फौज, एकही थाप न सापडून खाली बसलो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर, गवंड्यादेखत. आणि ओरडलो. कितीही मऊ भाकरी खाऊ, म्हणालो, पाण्यात भिजवून खाऊ, जन्मभर आजाऱ्याची खाऊ, पण तू त्या धुरातनं ऊठ. डॉक्टर काय म्हणाले तेही सगळं बोलून टाकलं, पावसाळ्यासकट. आवाज असा लागला की तालमीतले जोर बंद पडले. ह्यात एक अक्षर वाढवून सांगत नाही.

बायकोचे खांदे हलायचे थांबले. गवंड्यानं तोंडातली तंबाखू खिडकीबाहेर थुंकली आणि उगाचच थापी पुसली.

आईनं ती लबाडीची भाकरी दोन्ही हातांनी मोडून फडक्यात बांधली. "पांढरी लाव," ती गवंड्याला म्हणाली आणि परड्यात गेली.

तिन्हीसांजेपर्यंत सहा ओळी उभ्या राहिल्या. भिंत दवाखान्यासारखी दिसत होती. आई ओट्याशी उभी राहून ओल्या सांध्यांवरनं बोट फिरवत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. चूक माझीच, म्हणालो, डॉक्टरांचं मी आधीच सांगायला हवं होतं. तू घाबरशील म्हणून लपवलं.

"मला दसऱ्यालाच ठावं हुतं," आई म्हणाली. "डाक्तर दाराबाहीर बोलला, मी आतच हुतो की. म्हटलं, ऱ्हायल्यालं दिस तरी लेकराला कडक भाकरी घालावी."