मुख्याध्यापिकाबाईंच्या दाढेसाठी संगीत

दातांच्या दवाखान्यात ताईंनी सव्वीस वर्षं काढली. हत्यारं उकळायची, पेल्यात पाणी भरायचं, पेशंटच्या गळ्याला कागदी रुमाल बांधायचा, थुंकी ओढायची नळी धरायची, आणि दर अर्ध्या तासाने दार किलकिलं करून "पुढचे कोण?" म्हणायचं. गावात त्या शेवटच्या कामामुळेच ओळखल्या जायच्या. भाजीच्या रांगेतही त्या सवयीने "पुढचे कोण?" म्हणून जायच्या आणि दोन-चार माणसांचे हात आपसूक गालाकडे जायचे.

गेलं वर्षभर मात्र दार उघडून विचारलं की पुढचे कुणी नसायचेच. डॉक्टरांनी दात कोरायचं नवं मशीन आणलं होतं. काम झटपट करायचं, पण आवाज असा की ऐकणाऱ्याच्या टाळूला मुंग्या याव्यात. बाहेरची खोली आणि आतली खोली यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची भिंत. आत मशीन सुरू झालं की बाहेर बाकावरची माणसं एकेक करून उठायची. कुणाची दाढ दुखायची थांबलेली असायची, कुणाला घरी गॅस चालू राहिल्याचं आठवायचं. एक गृहस्थ तर आपण शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात आलो होतो, चुकून इथे बसलो, असं सांगून गेले. जाताना गळ्यातला कागदी रुमालही सोडायला विसरले.

सगळ्यांवर कडी मुख्याध्यापिकाबाईंची. हजार मुलांची शाळा नुसत्या चष्म्यावरून बघून गप्प करणारी बाई. खालची उजवी सहावी दाढ किडलेली. आठ वेळा आल्या आणि आठही वेळा गेल्या. सातव्यांदा दारातून जाणं बरं दिसेना, म्हणून हत्यारं धुवायच्या खोलीच्या खिडकीतून गेल्या. ताईंनीच त्यांची पर्स बाहेर दिली. "दुखण्याला मी भीत नाही," त्या खिडकीच्या पलीकडून म्हणाल्या होत्या, "पण तो आवाज माझ्या हाडात शिरतो." ताईंनी मान हलवली होती. त्यांच्याही शिरायचा.

एक दिवस डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि सांगून टाकलं की, महिनाअखेर दवाखाना बंद. त्यांच्या साडूचं मोठं हॉस्पिटल होतं, तिथे दातांच्या विभागात जागा होती. ताईंसाठी तिथे जागा नव्हती. तिथे तिशीच्या आतल्या, एकसारख्या गणवेशातल्या मुली होत्या आणि पुढचे कोण हे भिंतीवरचा पडदा सांगायचा. ताईंचे डोळे भरलेले बघून डॉक्टर ओशाळले आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मुख्याध्यापिकाबाई ज्या दिवशी या खुर्चीत दाढ भरून घेतील ना ताई, त्या दिवशी मी जायचं रद्द करीन."

डॉक्टरांनी हे सूर्य पश्चिमेला उगवला तर, अशा अर्थाने म्हटलं होतं. ताईंनी तो दिलेला शब्द मानला. घरी जाऊन त्यांनी देवासमोर हात जोडले आणि मागणं मागितलं. दाढ बरी कर, असं नाही. बाईंना अर्धा तास बसव, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात, रोज दिसूनही कधी न वाचलेली पाटी त्यांनी वाचली: 'संगणकावर आवाज आणि संगीत बनवायला शिका. आधी काही येत असण्याची गरज नाही.' वरच्या मजल्यावर क्लास होता. अट तर त्या पुरेपूर पूर्ण करत होत्या.

शिकवणारी मुलगी तेवीस वर्षांची. ती ताईंना काकू म्हणायची आणि ताई तिला मॅडम. बाकीचे दोन विद्यार्थी दाढीवाले, नाचायच्या संगीताचे ठोके बनवायला आलेले. मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं की काकू, तुम्हाला कसलं संगीत करायचंय. ताई म्हणाल्या, "दाढ भरायचं." दाढीवाल्यांपैकी एकाने वहीत लिहून घेतलं. त्याला वाटलं, हा नवा प्रकार असेल.

घरी ताईंचे यजमान पाणीखात्यात मीटर तपासून निवृत्त झालेले. लेकीने मागे ठेवलेला लॅपटॉप ताईंनी पुसून काढला, कानांवर ते मोठे हेडफोन चढवले, देवाचं नाव घेतलं आणि पहाटे पाचला स्वयंपाकघरात बसल्या. यजमान दारात उभे राहिले.

"अगं, हे काय चाललंय?"

"लहर कापतेय."

"बरं," ते म्हणाले आणि परत जाऊन झोपले. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना कळलं होतं की, काही गोष्टी दुसऱ्यांदा विचारायच्या नसतात.

शिकणं मात्र ताईंना वाटलं तेवढं अवघड गेलं नाही. मॅडमनी पडद्यावर आवाजाचे आकार दाखवले. एक गोल वळणाची लहर, एक चौकोनी, आणि एक करवतीच्या दात्यांसारखी. ती तिसरी वाजवल्याबरोबर ताई ताडकन उठून उभ्या राहिल्या आणि पाण्याचा पेला शोधू लागल्या. "हे तर आमचं मशीन," त्या म्हणाल्या. मग फिल्टर नावाची चकती फिरवून त्या आवाजाची वरची धार कशी कापायची, ते मॅडमनी शिकवलं. ताईंनी ती चकती हळूहळू डावीकडे नेली. करवत गुरगुरली, मग घोरली, मग मऊ पडली. ताईंना वाटलं, देवाने एवढी एक चकती माणसांनाही द्यायला हवी होती.

दुसऱ्या आठवड्यात साइडचेन शिकवलं आणि घोटाळा तिथे झाला. दाढीवाल्यांच्या संगीतात ढोलाचा ठोका पडला की बाकीचे सूर क्षणभर खाली दबायचे आणि ठोका गेला की परत वर यायचे. ताईंना ही रीत फार आवडली. मोठं माणूस बोलायला लागलं की बाकीच्यांनी गप्प व्हावं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्यांनी क्लासचा छोटा माइक मागून आणला, डॉक्टरांच्या मशीनजवळ चिकटवला, बाहेरच्या खोलीत स्पीकर ठेवला आणि शिकवल्याबरहुकूम सगळं जोडलं. बाहेर वाऱ्यासारखं, झुळझुळ संगीत सुरू झालं. पाच पेशंट चक्क टेकून बसले.

आत डॉक्टरांनी मशीन सुरू केलं. बाहेर संगीत अदबीने गप्प झालं. इतकं गप्प की ते मशीन जणू भाषणाला उभं राहिलं. डॉक्टर थांबले की संगीत परत यायचं, मशीन आलं की पुन्हा मान खाली घालून गप्प. तिसऱ्या खेपेला पाचही जण एका रांगेत, एकमेकांना आधी जायचा आग्रह करत बाहेर पडले.

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांना पाठ फिरवून खिडकी बंद करावी लागली. मग त्यांनी तेच उलटं जोडून दिलं, म्हणजे मशीन सुरू झालं की संगीत चढेल. ते चढलं. दोन दिवसांत गावाला कळलं की संगीत चढलं म्हणजे आत कोरताहेत. आता माणसं संगीतालाच पळू लागली. समोरच्या न्हाव्याने रेडिओवर बासरी लावली तर त्याचंही एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी निघून गेलं. न्हावी येऊन ताईंना बरंच बोलून गेला. ताईंनी ऐकून घेतलं. महिना संपायला बारा दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी ताईंनी मॅडमना विचारलं की मॅडम, एखादा आवाज झाकायचाच नसेल तर. मॅडम म्हणाल्या, मग त्यालाच गाण्यात घ्यायचं.

ताईंनी मशीनचाच आवाज माइकवर घेतला आणि पडद्यावर ओढून आठपट लांब केला. जी किंचाळी होती तिचा तीन सप्तकं खाली उतरून हुंकार झाला. कुणीतरी फार समजूतदार म्हातारं माणूस, तुमचं सगळं ऐकून घेत "हं... हं" करत बसलंय, असा. ताई हेडफोन लावून बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. वर्षभर ज्याच्याशी भांडण, त्याच्या पोटात हे होतं. त्यांनी डोळे पुसले आणि त्यात पेल्यात पाणी पडण्याचा आवाज घातला, नळीची सुरसुर घातली, निर्जंतुक करायच्या डब्याची टिकटिक घातली.

बाहेर ते संगीत लावलं आणि आतही. मग डॉक्टरांनी खरं मशीन सुरू केलं तर ते त्याच सुरात, फक्त तीन मजले वरून वाजलं. घरातलंच माणूस गच्चीवरून हाक मारतंय, एवढंच वाटलं. बाकावरचं कुणी उठलं नाही. एक जण घोरू लागला.

अडचण एकच होती. मशीन दातावर जोरात दाबलं की त्याचा वेग उतरायचा आणि सूर बिघडायचा. पहिल्यांदा बिघडला तेव्हा ताईंनी नळी धरलेली असूनही चेहरा वाकडा केला. डॉक्टरांनी हात हलका केला. सूर परत जागेवर आला. हळूहळू डॉक्टर सुरात कोरू लागले आणि त्यांच्याही नकळत हलक्या हाताने कोरू लागले, त्यामुळे पेशंटना दुखेनासं झालं. पण डॉक्टरांना एक खोड लागली. संगीत संपेपर्यंत त्यांना थांबता येईना, आणि ते संपलं की पुढे काम करता येईना. एका कारकुनाच्या बारक्याशा किडीला, केवळ चीज बाकी आहे म्हणून, त्यांनी वीस मिनिटं घासलं.

तेव्हा ताईंनी दातागणिक संगीत बांधायला घेतलं. पुढच्या दातांना सहा मिनिटं, दाढेला बावीस, रूट कॅनॉलला पाऊण तास आणि मध्ये पाणी पिण्याइतका थांबा. क्लासमध्ये सगळ्यांनी आपापली रचना ऐकवायची होती तेव्हा दाढीवाल्यांच्या रचनांना अग्नी, अंधार अशी नावं होती. ताईंनी 'खालची उजवी सहावी' ऐकवली. ती संपली. मग एका दाढीवाल्याने हळूच विचारलं की काकू, यानंतर काही खायचं नाही का.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ताई स्वतः शाळेत गेल्या आणि मुख्याध्यापिकाबाईंना घेऊन आल्या. कसं आणलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बाई बाकावर बसल्या. खिडकीकडे एकदा बघून घेतलं. संगीत सुरू होतं. त्यांनी नाक उडवलं, मग पर्सवर बोटाने ताल धरला. "पुढचे कोण?" ताई म्हणाल्या, आणि बाई उठून आत आल्या.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, वाट बघितली, कोरायला घेतलं. बाईंचं बोट खुर्चीच्या हातावर चालू राहिलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. सतराव्या मिनिटाला डॉक्टरांनी वाकून बघितलं आणि ताईंकडे नजर टाकली. खड्डा वाटला त्यापेक्षा खोल होता. भरून व्हायला अजून पंधरा मिनिटं तरी. संगीताची उरली होती पाच. बाईंना काही कळलं नव्हतं, पण संगीत थांबलं की डॉक्टरांचा हात थांबणार, बाई डोळे उघडणार आणि अर्ध्या कोरलेल्या दाढेनिशी दरवाजा गाठणार. मग महिना संपलेला.

ताईंनी एका हातात नळी धरली आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचा, क्लासमधून मागून आणलेला पेटीसारख्या पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड ओढला. शेवटचा सूर आला तेव्हा त्यांनी त्याच सुराची पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली. बोट पट्टीवर आहे तोवर सूर राहतो, बोट सुटलं की जातो, एवढं त्या शिकल्या होत्या.

हुंकार चालू राहिला. डॉक्टर कोरत राहिले. बाहेर फोन वाजू लागला. वाजून थांबला, परत वाजला. तो साडूंचाच असणार. यजमान किल्ली मागायला आले, दारातून आत डोकावले आणि बघितलं की बायको एका हाताने मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडात नळी धरून, दुसऱ्या हाताच्या करंगळीने एक पट्टी दाबून, डोळे मिटून उभी आहे. ते चपला हातात घेऊन परत गेले. करंगळी आधी दुखली, मग बधिर झाली, मग ती आपली आहे की बाईंची दाढ, हेही ताईंना कळेना. त्या नुसत्या नामस्मरण करत राहिल्या. शंभर झालं, दोनशे झालं. साडेतीनशेला डॉक्टरांनी मशीन खाली ठेवलं, मसाला भरला, दाबला, घासला.

"चावून बघा," ते म्हणाले.

ताईंनी बोट उचललं. इतकी शांतता पडली की बाकावरचा घोरणारा दचकून जागा झाला.

मुख्याध्यापिकाबाईंनी दात एकमेकांवर दाबले. उठल्या, पदर नीट केला, चष्मा घातला आणि तपासलेला पेपर परत देताना बघावं तसं ताईंकडे बघितलं. "बरं आहे," त्या बधिर ओठातून म्हणाल्या. "शेवटचा भाग फार लांबवलात. त्याला कात्री लावा." आणि या वेळी दारातून गेल्या.

फोन पुन्हा वाजत होता. डॉक्टरांनी उचलला, थोडं ऐकलं, आणि म्हणाले की नाही, येणं जमणार नाही, शब्द दिलाय. मग ठेवला. वहीत बघितलं.

"ताई, उद्या दहाला वरची अक्कलदाढ आहे. तिच्यासाठी काय आहे?"

ताई करंगळी चोळत होत्या. "काही नाही अजून," त्या म्हणाल्या. "पहाटे बसेन. पण आधी एक्स-रे काढा. खड्डा नीट मोजल्याशिवाय मी यापुढे एक सूर बांधायची नाही."

डॉक्टरांनी निमूटपणे एक्स-रेचं मशीन पुसायला घेतलं, आणि ताई दार उघडायला गेल्या.