वांग्यांच्या मळ्यात सोडलेलं पाणी

आमचा आदिलाबाद जिल्हा तेव्हा आंध्रात होता. भीमपूरकडच्या एका गावात खारं पाणी गोडं करायचं यंत्र बसवलं आणि मला तिथे देखरेखीला नेमलं. बोअरचं पाणी पंपाच्या दाबाने बारीक छिद्रांच्या पडद्यातून जायचं. अर्धं गोडं होऊन नळाला यायचं. उरलेल्या अर्ध्यात सगळं मीठ गोळा व्हायचं आणि ते पाइपातून नाल्यात जायचं.

भिंतीपलीकडे एका एकट्या बाईचा वांग्यांचा मळा होता. मी तिला मावशी म्हणायचो. उन्हाळ्यात ती पाइपाशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, येवढं पानी काऊन फेकून राह्यले? माही इहीर आटली."

इतकं पाणी वाया जातं, हे मलाही खटकत होतंच. "घ्या मावशी, मळ्यात घ्या," मी म्हणालो आणि रबरी नळीही मीच जोडून दिली. आधी पाणी तपासावं, असं मनात आलं होतं. राहून गेलं.

त्या वर्षी वांगी बरी आली. पाणी वाया जात नाही म्हणून वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. झाडं तहानली असं समजून मावशीने पाणी वाढवलं. पावसाळ्यात मळ्यात पाणी मुरेचना, नुसतं साचून राहायचं. दिवाळीनंतर काळ्या मातीवर पांढरा थर आला. तिने मला बोलावलं. मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"काय हाये भाऊ?"

"मीठ."

"कुठून आलं?"

"आमच्या यंत्रातून. मीच सोडलं."

तिने विळ्याच्या टोकाने थर खरवडला. खालीही पांढरंच होतं.

"तुमी तं शिकेल होते ना," ती म्हणाली.

मी नळी काढली, खारी जमीन सुधारते म्हणून जिप्समची भुकटी आणून टाकली. दोन पावसाळे गेले, पण वांगं काही धरलं नाही. मावशी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. वाटेत दिसली की मान फिरवायची. माझी गुडीहत्नूरला बदली झाली, तेव्हा तिला सांगायला जायचा धीर मला झाला नाही.

तिथेही असंच यंत्र होतं. पहिल्याच दिवशी मी त्याच्या खाऱ्या पाण्याच्या पाइपाच्या कडेने शेवटपर्यंत चालत गेलो. त्याचं तोंड एका सोयाबीनच्या शेताच्या बांधाशी उघडं होतं आणि पाणी शेतात उतरत होतं. मी वरच्या साहेबांना लिहून कळवलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत उत्तर आलं नाही.