उशीर झाला तर डबा

कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांतल्या एका वर्षी आम्ही यवतमाळच्या घराचं स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं. ओटा खचला होता, भिंतीला ओल होती. शेजारच्यांची न्हाणी तर वर्षभर अर्धवट पडून होती. त्यांचा मिस्त्री मधेच दुसरं काम धरून बसला होता. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट. कंत्राटांच्या अटी रोज हाताखालून जायच्या. आपल्याही कामाचा कागद करायचा, असं मी ठरवलं.

आमचे मिस्त्री आर्णी रोडवरच्या एका खेड्यातले, पन्नाशीचे. कागद पाहून ते जरा नाराज झाले.

"ताई, कागद कायले? मी काय पळून चाललो?"

"तसं नाही भाऊ. पुढं तारखेवरून तुमचं-माझं बिनसायला नको."

मग ते समोर बसले. तोडफोड, छपाई, फरशी, ओटा, प्रत्येकाची तारीख घातली. जो टप्पा झाला त्याचेच पैसे.

"आन् तुमच्यानं उशीर झाला त?" त्यांनी विचारलं.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमचं सामान उशिरा आलं किंवा आमचं मन बदललं, तर तेवढे दिवस त्यांना वाढवून मिळतील, असं लिहिलं. त्यांच्याकडून उशीर झाला तर काय, इथं माझा पेन अडला. कचेरीतल्या कंत्राटांत दररोजचा दंड असायचा, पण यांची रोजी कापायला मन होईना.

आतून सासूबाई म्हणाल्या, "चूल बंद राहिली तर आम्ही जेवायचं कुठं? जितके दिवस उशीर, तितके दिवस डबा यांच्या घरून."

मी हसले. मिस्त्री हसले नाहीत. "घरी इचारून सांगतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी येऊन सही करताना म्हणाले, "बायको कबूल हाय. पण तिखट खा लागन म्हणते."

दसऱ्यापर्यंत काम तारखेबरहुकूम चाललं. मग एका सकाळी हाताखालच्या दोघी मजूर बायांशिवाय मिस्त्री एकटेच आले.

"ढग भरून राह्यले ताई. ज्याचा ज्याचा कापूस फुटला, त्याले दम नाही. माह्या दोघी रेजा वेचणीले गेल्या. माही बी दोन एकर पऱ्हाटी हाय."

मला राग आला, पण माणूस आधी येऊन सांगून गेला होता, हेही होतंच. शेवटची तारीख आली तेव्हा काम आणखी सहा दिवस खाणार, हे दिसत होतं. हिशेबाला बसलो तेव्हा सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "ओटा चार बोटं खाली घ्यायला मीच लावला. त्यातले दोन दिवस आपले." म्हणून चार दिवसांचा डबा ठरला.

पहिल्या दिवशी ज्वारीच्या भाकरी, आंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा आला. नवरा घाम पुसत जेवला आणि उरलेला ठेचा त्यानं संध्याकाळसाठी झाकून ठेवला. चौथा दिवस रविवार होता. मिस्त्री म्हणाले, "डब्यात भाकर वाळते म्हणते घरची. तुमी घरीच या."

आम्ही तिघं एसटीनं गेलो. पुढच्या खोलीत छातीइतका कापूस रचलेला होता. त्याच्या कडेनं पंगत बसली. मिस्त्रींची बायको सासूबाईंना आग्रह करकरून वाढत होती. मधेच मला म्हणाली, "त्या कागदानं बरं केलं बाई. नाही त काम कवा सरते, हे मले कधीच समजत नव्हतं. या खेपेले तारीख पायली आन् मांगच्या वावराची वेचणी त्याच्यानंतर ठेवली."

तो कागद मी माझ्यासाठी केला होता. तो आणखी कुणाच्या उपयोगी पडेल, असं मला वाटलंच नव्हतं. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघी रेजा परत आल्या. संध्याकाळपर्यंत फरशी धुऊन झाली आणि सासूबाईंनी नव्या ओट्यावर सगळ्यांसाठी चहा टाकला.